ओल्या पडद्यामागच्या बायका

आमच्या घरात मूल नव्हतं, पण खुळखुळा होता. वीतभर उंच, चकचकीत, झाकणाचा. भुसावळच्या रेल्वेतला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला तेव्हा त्यानं घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यातून आमच्या यांनी तो उचलून आणला. त्यात जिन ओतायची, लिंबू पिळायचं, साखर आणि बर्फ घालायचा, झाकण घट्ट बसवायचं आणि दोन्ही हातांनी कानाशी धरून हलवायचं. साहेबाच्या बटलरनं यांना ते शिकवलं होतं. हे जळगावच्या कोर्टात वकील. कोर्टात यांचा चेहरा असा की आरोपीनं आपणहून कबूल व्हावं, आणि शनिवारी दिवेलागणीला हेच गृहस्थ बैठकीत उभे राहून खुळखुळा हलवायचे. माझी थोरली नणंद, धुळ्याच्या अक्का, तेव्हा आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि भावाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, खुळखुळा तर आला, आता पुढचं काय ते बघा. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

त्याच साहेबाकडून यांनी सिनेमाचं मशीनही घेतलं. हातानं दांडा फिरवायचा, मुका सिनेमा दिसायचा. दिव्याला मोटारीची बॅटरी लागायची. सोबत रिळं मिळाली ती मोजकी: घोड्यांची शर्यत, समुद्रकाठी नाचणाऱ्या मडमा, आणि एक जाडा गोरा माणूस जो कुत्र्याच्या मागे धावता धावता तळ्यात पडतो. दर शनिवारी तीच रिळं. गावात त्या दिवसांत दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं व्हायची, सभा व्हायच्या. हे खादीचा कोट घालून त्या सभांना जायचे, टाळ्या घेऊन यायचे, कोट खुंटीला अडकवायचे आणि मला विचारायचे, बर्फ आला का? बर्फ भुसावळहून पॅसेंजरनं यायचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. निम्मा वाटेतच वितळलेला असायचा. उरलेला फोडायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं.

पाहुणे ठरलेले होते. डॉक्टर, हेडमास्तर आणि बांधकाम खात्यातला एक ओव्हरसियर. डॉक्टर आणि हेडमास्तर बायकांना घेऊन यायचे. ओव्हरसियर विधुर होता, तो एकटाच यायचा. पुरुष बैठकीत बसायचे, बायका माजघरात. मधल्या दाराला मांजरपाटाचा पडदा ताणून बांधलेला. मशीन बैठकीत, चित्र पुरुषांच्या बाजूनं पडद्यावर पडायचं. पडदा ओला ठेवला की तेच चित्र आमच्या बाजूनंही दिसायचं, फक्त उलटं. त्यांचा घोडा डावीकडून धावायचा, आमचा उजवीकडून. त्यांच्या मडमा उजव्या हातानं छत्री धरायच्या, आमच्या डाव्या. धाकटी लोटीतलं पाणी हातावर घेऊन पडद्यावर शिंपडत बसायची, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात कापड बघता बघता वाळतं. पुरुषांना जिन, आम्हाला लिंबाचं सरबत. बर्फ उरला तर बर्फ. डॉक्टरांच्या बायकोला मात्र सरबतात दोन चमचे औषध लागायचं, आणि ते औषध मीच तिला बाटलीतून काढून द्यायचे. तळलेले बिबडे आणि भरीत दोन्हीकडे सारखंच जायचं. सुधारणा म्हणतात ती एवढीच काय ती माजघरापर्यंत पोचली होती.

आता मशीनचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. दांडा फिरायला लागला की मशीन अशी घरघर करायचं की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. त्या आवाजाच्या आडोशाला पुरुष काय वाटेल ते बोलायचे. आम्हाला ते ऐकू यायचं नाही. आम्हीही आमच्या बाजूला काय वाटेल ते बोलायचो, आणि तेही त्यांना ऐकू जायचं नाही. हेडमास्तरांची बायको नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायची ती याच घरघरीत. पण रीळ संपलं की मशीन थांबे आणि एकदम सामसूम व्हायची. अशा वेळी कुणाचं भलतंसलतं वाक्य उघड्यावर पडू नये म्हणून यांनी एक रीत घालून दिली होती. दांडा थांबवायच्या आधी हे मोठ्यानं म्हणायचे, "थांबतोय!" की लगेच पुरुष गप्प, आम्हीही गप्प. मग मशीन थांबे, आणि दोन्ही बाजूंना सभ्य माणसं बसलेली असत. यांनी ही रीत कधी चुकवली नाही. म्हणून तर हे स्वतः एकाच पेल्यावर थांबायचे, दांडा फिरवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर पाहिजे असं यांचं म्हणणं होतं.

धाकटी माझ्याकडे लहानपणापासून होती. आईवडील गेले, दुसरं कुणी नव्हतं. तिला लहानपणी देवी आल्या होत्या, त्या जाताना तोंडभर व्रण ठेवून गेल्या. विशी जवळ आली तरी लग्न नाही. बघायला लोक यायचे, पोहे खायचे आणि निरोप पाठवतो म्हणून जायचे. अक्कांना ते फार पथ्यावर पडलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता: हिला बाहेर कुणी करत नाही, भावाला मूल नाही, मग घरची मुलगी घरातच राहू दे. त्या काळी दुसरी बायको करायला आडकाठी नव्हती. अक्का हे माझ्या तोंडावर बोलत नसत, माझ्यादेखत धाकटीची वेणी घालत आणि तिच्या कमरेकडे बघत. मला एकच हवं होतं, धाकटीचं लग्न या घराच्या बाहेर व्हावं. तिच्यासाठी की स्वतःसाठी, असं कुणी विचारलंच तर मी म्हणेन दोघींसाठी. ज्याला पटत नसेल त्यानं आपल्या पाठच्या बहिणीला सवत म्हणून रोज ताट वाढून बघावं.

आणि मग ओव्हरसियरचं जमायला लागलं. हा माणूस दिसायला काही खास नव्हता, दात पुढे, उन्हात पूल बांधून रापलेला. पण गळा असा की ऐकत राहावं. तो रिळांना बोलायला लावायचा. तळ्यात पडणारा जाडा माणूस एका शनिवारी त्यानं एरंडोलचा सावकार केला, दुसऱ्या शनिवारी बायको माहेरी गेलेला मामलेदार, तिसऱ्या शनिवारी चक्क आमचे हे. रीळ तेच, गोष्ट दर वेळी नवी. मशीनच्या वर आवाज काढून तो बोलायचा ते मात्र आम्हाला पडद्यामागे लख्ख ऐकू यायचं, आणि धाकटी हसायची. तिचं हसू मोठं होतं, बाईमाणसाला न शोभणारं, घरघरीच्याही वर जाणारं. पुढेपुढे तो गोष्टीत मध्येच थांबायचा, आतून हसू येतंय का म्हणून. आलं की पुढे सरकायचा. हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

फाल्गुनात त्यानं हेडमास्तरांकरवी विचारलं. मुलगी बघायची का, असं मी विचारलं तर म्हणाला, बघायचं काय, दर शनिवारी ऐकतो. तिला त्यानं येता-जाता पाहिलेली होतीच, आंधळा नव्हता. अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, झाली की साखरपुडा करायचा ठरलं. यांनी मान डोलावली. बरं झालं म्हणाले. धाकटी त्या दिवसांत घरात इतकी गात होती की मी तिला दोनदा रागावले. मी सुद्धा गायले असते, पण मला गाता येत नाही.

आखाजीच्या आदला शनिवार. पत्रे तापलेले, वारा पडलेला, पडदा सारखा वाळत होता. यांनी त्या दिवशी खुळखुळा स्वतःच भरला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तसे ते नेहमीच स्वतः भरायचे, पण त्या दिवशी पाठ करून. ओव्हरसियरला एक झाला, दोन झाले, तिसरा झाला. त्याचा आवाज चढत गेला ते आम्हाला आतही कळत होतं. एरवी तो ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलायचा. त्या दिवशी जाड्या माणसाच्या तोंडी त्याच्या गावाकडची बोली यायला लागली, आणि आम्ही बायका पोट धरधरून हसलो. धाकटी पडद्याला अगदी खेटून बसली होती, हातात लोटी. जाडा माणूस तळ्याकाठी आला. मध्येच गोष्ट थांबली. यांनी त्याला काहीतरी विचारलं असावं, कारण यांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. ओव्हरसियरनं मोठ्यानं उत्तर द्यायला सुरुवात केली, मशीनच्या वर आवाज काढून, आणि मशीन थांबलं.

"...तोंडले काय करनं शे? दिवा मालवा का बठ्ठ्या सारख्याच शेतस."

एवढं वाक्य त्या सामसुमीत आलं. तोंडाला घेऊन काय करायचंय, दिवा मालवला की सगळ्या सारख्याच. ते काय आहे हे कळायच्या आत डॉक्टर खो खो हसले आणि म्हणाले, म्हणजे वकीलसाहेबांच्या मेव्हणीचं नशीब उघडलं म्हणायचं. मग त्यांच्याही लक्षात आलं की मशीन बंद आहे. पडद्यावर जाडा माणूस एक पाय उचलून तसाच उभा होता. थांबलेल्या चित्रावर दिव्याची आंच लागली की फिल्म जळते, म्हणून मधेच कधी थांबवायचं नसतं. जाड्या माणसाच्या पोटावर तपकिरी डाग पडला, मोठा होत गेला, आणि फिल्म जळल्याचा वास आला. मग यांचा आवाज आला, "थांबलोय." थांबतोय नव्हे, थांबलोय. सगळं उघड्यावर पडून झाल्यावर.

डॉक्टरांच्या बायकोनं एकदम बिबड्यांच्या पिठाचं काहीतरी काढलं, ज्वारी किती भिजवायची आणि किती नाही. हेडमास्तरांची बायको हो हो म्हणत राहिली. कुणी धाकटीकडे बघितलं नाही. मी बघितलं. तिनं लोटीतलं पाणी हातावर घेतलं आणि पडद्यावर शिंपडलं, कारण पडदा वाळायला लागला होता. पलीकडे यांनी फिल्म कापून जोडली, मशीन पुन्हा सुरू झालं. मधला तुकडा गेल्यामुळे जाडा माणूस आता काठावर न थांबता एकदम तळ्यातच दिसायचा. ओव्हरसियर पुढे बोलला नाही. रीळ मुकंच संपलं.

सगळे गेल्यावर मी पेले गोळा केले. यांचा पेला काठोकाठ भरलेला होता, त्यातला बर्फ वितळून गेलेला. ओव्हरसियरच्या पेल्याला मोहाच्या दारूचा वास येत होता. सातपुड्याकडचा एक पक्षकार यांना मोहाची बाटली देऊन जायचा, ती हे कधी कुणाला पाजत नसत, रांगडी म्हणून. त्या दिवशी ती जिनमध्ये घातली होती, आणि फक्त एकाच पेल्यात. मी पेला हुंगून ठेवला आणि मला सगळं कळलं. शपथेवर सांगते, मला त्या क्षणी त्या ओव्हरसियरचा राग आला नाही. दारू पाजून, विचारून, आवाज चढवायला लावून मग दांडा थांबवला, तर पुरुषाच्या तोंडून काय भजन बाहेर पडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी हे बाहेर गेलेले असताना ओव्हरसियर मागच्या दारी आला. उन्हात उभा राहिला, आत या म्हटलं तर येईना. मान वर करीना. त्याला नीट आठवतही नव्हतं, हेडमास्तरांनी त्याला सकाळी सांगितलं होतं. तो म्हणाला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, हवं तर तो तिच्या पायावर डोकं ठेवतो. मला त्याच्या डोक्याशी काय करायचं होतं? मी त्याला सरळ विचारलं, लग्न करायचंय की नाही? म्हणाला, करायचंय, आजही करायचंय, तिनं हो म्हटलं तर. मी म्हटलं, मग डोकं जागेवर ठेवा आणि इथंच थांबा.

धाकटी आत तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं, ऐकलंस ते गिळून टाक, पुरुष चार जणांत असंच बोलतात, आणि हा निदान दारात येऊन उभा तरी राहिलाय. रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. ताट बाजूला सरकवलं, आणि बोटानं गालावरचा एक व्रण चाचपत म्हणाली, "ताई, ते खोटं थोडंच बोलले? पोहे खाऊन गेले ते सगळे हेच मनात म्हणत गेले. ह्यांनी मोठ्यानं म्हटलं. त्यांना सांग, माझी ना नाही. पण पुन्हा म्हणू नका म्हणावं." मी हे जसंच्या तसं बाहेर जाऊन सांगितलं. तो तिथंच पायरीवर बसला आणि रडला, पुलावर मजुरांना शिव्या घालणारा तो गडी. मला वाटलं, सुटलो. तो माठातलं पाणी पिऊन गेला.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. यांनी कोट काढला, घडी घातली, खुर्चीत बसले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले की असलं बोलणाऱ्या माणसाला या घरची मुलगी देता येणार नाही. ते तिचे पालक आहेत, अब्रूचा प्रश्न आहे. तिची ना नाही, मी म्हटलं. तिला काय कळतं, म्हणाले. मग मी विचारलं, "तुम्ही थांबतोय म्हणाला नाहीत. का?" "विसरलो," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, जरा हसून, "विसरलो ते बरंच झालं. माणूस कळला." हसल्यावर मला काही शंका उरली नाही. मी म्हटलं, माणूस मलाही कळला. पण वकिलाला असं बोलून काय होतं? तो ते ऐकून ठेवतो आणि वर जेवायला मागतो.

डॉक्टर आणि हेडमास्तरांनी यांची पाठ थोपटली. मेव्हणीच्या अब्रूसाठी ठरलेलं लग्न मोडलं म्हणून गावात यांचं नाव झालं. हेडमास्तर तर म्हणाले, असे सुधारक विचार किती जणांत असतात? ओव्हरसियरला हे स्वतः जाऊन भेटले, खांद्यावर हात ठेवून समजावून आले की नातं वेगळं आणि मैत्री वेगळी, शनिवारी यायचं थांबवू नकोस, तुझ्याशिवाय रिळांना मजा नाही. चारचौघांसमोर बोलले. फार मोठ्या मनाचे, असं लोक म्हणाले. तो आला नाही बरेच दिवस.

आल्या त्या अक्का. धुळ्याच्या मोटारीतून ट्रंक घेऊन उतरल्या, बोलावून घेतलेल्या माणसासारख्या. पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकटीला न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी मला ओट्यावर जवळ बसवून हात हातात घेतला आणि गोड आवाजात समजावलं, की आता पोरीचा एवढा बोभाटा झाल्यावर तिला बाहेर कोण करणार, तू सख्खी बहीण, परक्या घरची आणण्यापेक्षा हे बरं, तुझाही मान राहील, तुला मावशी म्हणणारं कुणी होईल. बोभाटा केला कुणी? मी हात सोडवून घेतला. मग मी जे जे करायचं ते सगळं केलं. जेवले नाही, बोलले नाही, माहेर नव्हतं तरी माहेरी जाते म्हटलं, यांच्या खादीच्या कोटावर रॉकेल ओतलं. कोट धुवायला टाकला, बाकी काही झालं नाही. घरातल्या बाईच्या आदळआपटीला पुरुष उन्हाळ्यासारखं धरतो, दोन महिने सोसायचं की संपतं.

लग्न अक्कांच्या घरी, धुळ्याला, देवपुरात झालं. पांझरा कोरडी होती, पात्रात म्हशी उभ्या होत्या. बँड नाही, वरात नाही, भटजी आणि अक्कांच्या ओळखीची चार माणसं. आदल्या संध्याकाळी अक्कांनी धाकटीला हळद लावायला मला सांगितलं, थोरली म्हणून माझा मान. मी लावली. तिच्या गालांवर हळद व्रणांत भरत होती आणि सारखी करावी लागत होती. ती डोळे मिटून बसली होती. मध्येच डोळे न उघडता म्हणाली, "ताई, तू मला या घरातून बाहेर काढायला बघत होतीस ना?" मी हो म्हटलं. "मग जरा जोर लावायचा होतास." मला भयंकर राग आला, आणि आजही तिचा तो आवाज आठवला की येतो, कारण मी जोर लावला होता, माझ्याकडे होता तेवढा सगळा. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या पायांना हळद दुसऱ्या कुणीतरी लावली.

दसऱ्यानंतर शनिवार पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी यांचं अभिनंदन केलं, हेडमास्तरांनी एक बाटली आणली. आणि ओव्हरसियर आला. यांनीच इतक्या वेळा सगळ्यांसमोर बोलावलं होतं की तो आल्यावर यांना नको म्हणता येईना. तो आता बारीक झाला होता. पिणं सोडलं होतं, नुसतं सरबत घ्यायचा. पण यांनी आग्रह केल्यावर रिळापुढे उभा राहिला आणि त्याचा तो गळा सुरू झाला. माजघरात मी, दोघी बायका आणि धाकटी. लोटी आता माझ्या हातात होती, कारण धाकटीला दिवस गेले होते आणि अक्कांनी तिला खाली बसायची मनाई केली होती. ती खुर्चीत बसली होती. जाडा माणूस कुत्र्यामागे धावला, आणि फिल्म कापली होती त्या जागी उडी मारल्यासारखा एकदम तळ्यात दिसला. ओव्हरसियरनं त्या उडीलाच गोष्टीत घेतलं. म्हणाला, ह्या गृहस्थांना मधला काठ कुठे गेला ते कळलंच नाही.

धाकटी हसली. तेच मोठं हसू, घरघरीच्या वर जाणारं. मी दचकून तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसतं तोंड उघडून हसत होती. पडद्यापलीकडे दांडा क्षणभर अडखळला आणि मग जोरात फिरायला लागला. जाडा माणूस इतक्या वेगानं तळ्यातून बाहेर आला की सगळेच हसले.

त्यानंतर दर शनिवारी. एरवी घरात धाकटी हसत नसे. यांच्याशी बोलायची ते हो आणि नाही एवढंच, पण सगळं नेमानं करायची, बोट ठेवायला जागा नाही. शनिवारी ओव्हरसियर बोलायला लागला की ती हसायची. तो सुद्धा आता तिची वाट बघत मध्ये थांबत नव्हता. त्यानं कधी पडद्याआड डोकावूनही बघितलं नाही, येता-जाता तिच्याशी बोलला नाही, नमस्कार केला तो मला. पकडावं असं काही नव्हतंच. हे दांडा फिरवायचे आणि हसू आलं की यांचा हात बिघडायचा, कधी जोरात, कधी सावकाश. दुसरा पेला घ्यायला लागले. तिसरा. "थांबतोय" म्हणायला विसरायला लागले, आता खरोखरच. ओव्हरसियरला येऊ नको म्हणावं, तर का म्हणून? मैत्री वेगळी असं सगळ्या गावाला सांगून बसलेला माणूस. शनिवार बंद करावेत, तर डॉक्टर विचारणार. मी मांजरपाटावर पाणी शिंपडत हे सगळं बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, इतकी करमणूक मला साहेबाच्या रिळांनी कधी केली नव्हती.

मुलगा झाला. अक्कांनी पेढे वाटले. यांनी पोराला घेतलं, नाकडोळे बघितले आणि बराच वेळ बघत राहिले. पोर सगळं यांच्यावरच गेलं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं, पण यांना दिसेना. बाळंतपण संपून धाकटी पुन्हा माजघरातल्या खुर्चीत येऊन बसली, आणि पहिल्याच शनिवारी पुन्हा ते हसू. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी पानं घेत होते. धाकटी आतल्या खोलीत पोराला पाजत होती. हे उंबऱ्यावर उभे राहिले, कोर्टात कधी न दिसलेला चेहरा. खूप वर्षांनी यांनी मला काहीतरी विचारलं, सांगितलं नाही.

"ती त्याच्यासाठी हसते का गं?"

मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ, मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आता ती दोघं आणि हे, कुणीच उरलेलं नसताना, मला आजही माहीत नाही. ती त्याच्यासाठी हसत असेल, यांना जाळायला हसत असेल, किंवा जाडा माणूस पाण्यात पडतो ते तिला खरंच गमतीचं वाटत असेल. तिनं मला कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. हे वाट बघत होते. नाही म्हण, असं यांचे डोळे मला चक्क विनवत होते.

मी पानात मीठ वाढलं आणि म्हटलं, "हो."

हे तसेच मागे वळले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी जेवले.